मानाचं टोपलं

“गुरुजी, अक्षर जरा मोठं काढा. साहेबाला चष्मा आहे म्हणं,” गुणवंतराव पाटील म्हणाले.

मी त्यांच्या ओसरीवर बसून प्रांतसाहेबांच्या नावानं अर्ज लिहीत होतो. पाटील लोडाला टेकले होते आणि त्याच सतरंजीवर, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, व्यंकटराव देशमुख बसले होते. हे दोघे एका सतरंजीवर बसलेले पळसवेढ्यात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या आजोबांमध्ये जे भांडण लागलं होतं ते दोन्ही घरांनी दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं. तिसरे होते शिवलिंगआप्पा कोरे, किराणा दुकानाचे मालक. गावात भांडण असलं की आप्पांना दोन्हीकडं थोडं थोडं बसावं लागे. त्या दिवशी दोन्ही बाजू एकाच सतरंजीवर आल्यामुळे त्यांची फार सोय झाली होती.

“लिहा,” पाटील म्हणाले. “गावाची ऐतिहासिक गढी, जी आमच्या पूर्वजांनी बांधली...”

“कुणाच्या पूर्वजांनी?” देशमुख म्हणाले.

“आमच्या म्हणजे आपल्या.”

“मग गावाच्या लिहा. तुमचं ‘आमच्या’ आम्हाला माहीत आहे.”

मी ‘गावाच्या पूर्वजांनी’ असं लिहिलं.

“ती गढी,” पाटील पुढं म्हणाले, “पायथ्याला झोपड्या घालून राहिलेल्या बेलदारांनी खोदून खोदून खाल्ली.”

“खाल्ली लिहू?”

“खाल्लीच की! पोटात गेली त्यांच्या.”

“नष्ट केली, असं लिहितो.”

“लिहा तसं. पण खाल्ली बरं वाटत होतं कानाला.”

“माती नेली कुठं, तेही लिहावं लागेल,” मी म्हणालो. “साहेब विचारतील.”

तिघंही एकमेकांकडं पाहू लागले.

“नेली,” पाटील म्हणाले.

“हो, पण कुठं?”

“आता माती कुठं जाते, गुरुजी? नेली म्हणजे नेली. गाढवं आहेत त्यांच्याकडं.”

“इकली असंल,” आप्पांनी भर घातली.

“कुणाला?”

“इथं मातीला कोण गिऱ्हाईक? बाहेरगावी.”

तेवढ्यात छतातून पांढरी माती भुरभुरली आणि पाटलांच्या टोपीवर पडली. त्यांनी टोपी काढली, मांडीवर झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

“बाहेरगावी विकली, असंच लिहा,” ते म्हणाले. “आणि शेवटी हे घाला, की गढी वाचवायची तर या लोकांना तिथून उठवलं पाहिजे. गावाच्या इतिहासाचा प्रश्न आहे.”

खेड्यातल्या शिक्षकाला असे अर्ज लिहावे लागत. मी नाही म्हटलं असतं तर आप्पांनी लिहिला असता आणि साहेबाला तो वाचताच आला नसता. त्यात बेलदारांचं भलं झालं असतं, पण हे मला फार उशिरा सुचलं.

इतिहासाचा प्रश्न एकाएकी का उपटला, ते सांगतो. पळसवेढ्याला तीन बाजूंनी गिरणाळी नदी आहे. नदी गावाला वळसा घालून जाते आणि चौथ्या बाजूला, उत्तरेला, गढीचं टेकाड. गावात शिरायचं तर गढीच्या पायथ्याशीच यावं लागतं. दुसरी वाटच नाही. त्या वर्षी तिथं एसटीचा थांबा मंजूर झाला होता. थांबा आला की दुकानं येणार आणि दुकानं यायची तर जागा लागणार. जागेवर बेलदारांची घरं होती. दोन पिढ्या तिथं शेणाचे ढीग पडले होते, तेव्हा कुणाला तिथं इतिहास दिसला नव्हता.

संध्याकाळी मी नदीवर निघालो तर वाटेत नथूबा भेटला. बेलदारांच्या वस्तीत वयानं तोच मोठा. तो गाढवाच्या पाठीवरचं रिकामं गोणपाट उतरवत होता. त्याची नात झुंबर माझ्या वर्गात चौथीला होती. ती दुसऱ्या गाढवाच्या गळ्यात हात घालून उभी होती.

“या गुरुजी,” तो म्हणाला. “तुमचं अक्षर लय सुंदर आहे म्हणं.”

“कोण म्हणालं?”

“आप्पाच्या दुकानात सगळे म्हणायले. आम्हाला उठवायचा अर्ज छापल्यावानी लिहिलाय म्हणं.”

मी शाईनं माखलेलं बोट मुठीत लपवलं.

“त्यात एक लिहिलं का?” नथूबानं विचारलं. “गाढवं आमची, पण हाका कुणाच्या? यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाटलाचा माणूस दारात. नथ्या, चल, माळवदावर माती टाकायचीय. त्याच्या मागं देशमुखाचा माणूस. मग सगळं गाव. हे लिहिलं का?”

“हे तू साहेबांना सांग. तीन दिवसांनी ते शाळेत येणार आहेत.”

नथूबा हसला. त्याचं हसणं मला अजून आठवतं. माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली होती.

“सांगतो की. सांगितलं तर साहेब जीपमध्ये बसून जाईल. मी कुठं जाऊ? उद्या माती टाकायला बोलावणार तेच, आणि सांगायचं त्यांच्याच विरोधात? पाटील म्हणंल, नथ्या, तुझ्या गाढवाला आता दारात पाय ठेवू देणार नाही. मग गाढवाला काय अर्ज लिहायला शिकवू?”

“मी सांगतो मग.”

“तुम्ही? तुम्ही दुसऱ्या तालुक्यातले. पाटील म्हणंल, मास्तर बाहेरचा, त्याला काय माहीत. देशमुख मान हलवंल. आप्पा दोघांकडं बघून मान हलवंल. झालं. तुमची बदली आणि आमचा मुक्काम नदीपल्याड.”

त्याचं सगळं बरोबर होतं. नदीपलीकडं म्हणजे पुराच्या पाण्यात. पावसाळ्याचे दोन महिने तिथून शाळेत यायला होडीसुद्धा नसे.

“झुंबरची शाळा सुटंल, एवढंच वाटतं,” तो म्हणाला. मग त्याला ते बोलल्याचं आवडलं नसावं. त्यानं गाढवाच्या पाठीवर थाप मारली आणि वस्तीकडं वळला.

दुसऱ्या दिवशी चौथीला भूगोल होता. त्या काळात चौथीचा भूगोल आपल्या गावापासून सुरू व्हायचा. मी मुलांना पुस्तक मिटायला सांगितलं.

“आपलं गाव कशावर बसलंय?” मी विचारलं.

“जमिनीवर!”

“नदीवर!”

“गाडीवर,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर मूल जास्त ऐकतं.

“जमिनीवर, बरोबर. पण कोणत्या रंगाच्या?”

“शेतात काळी,” पाटलांचा नातू प्रताप म्हणाला. “गावात पांढरी.”

“शाब्बास. पिकं येतात ती काळी. माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, घरं बांधतात, ती पडतात, त्याच मातीवर पुन्हा बांधतात, चुलीची राख टाकतात, ती पांढरी. म्हणून गावाच्या जागेला पांढर म्हणतात. आपली गढी म्हणजे अशा पांढऱ्या मातीचा डोंगरच. आता सांगा, गढी पूर्वी केवढी होती?”

“लय मोठी!” प्रताप उठून उभाच राहिला. “आजोबा म्हणतात, वर चढलं की नदीपलीकडचा बाजार दिसायचा. बैल कोणत्या रंगाचा ते कळायचं.”

“आणि आता?”

“आता वर चढलं तर आप्पाच्या दुकानाचं छतसुद्धा दिसत नाही.”

“मग एवढी माती गेली कुठं?”

वर्ग गप्प झाला. मी घाई केली नाही. मुलं गप्प झाली की विचार करतात. मोठी माणसं गप्प झाली की बहुधा काहीतरी लपवतात. आप्पांचा नातू मन्मथ खिडकीतून बाहेर पाहत होता. तो हळू आवाजात म्हणाला,

“घरावर.”

“कुणाच्या घरावर?”

“सगळ्यांच्या. आमच्या पण. माळवदावर.”

“माळवद म्हणजे काय, तूच सांग सगळ्यांना.”

त्यानं नीट सांगितलं. वर लाकडाच्या तुळया, त्यांवर काटक्या, काटक्यांवर पाला आणि पाल्यावर गढीची पांढरी माती. ती धोपटून बसवली की पाणी खाली उतरत नाही. दरवर्षी वरची माती वाऱ्यापावसानं जाते, म्हणून दरवर्षी नवी टाकायची. बेलदार गाढवावरून आणून देतात. एवढंच. आदल्या दिवशी तीन जाणत्या माणसांना जे सुचलं नव्हतं, ते या मुलानं खिडकीबाहेर पाहता पाहता सांगितलं. शिवाय त्या तिघांच्या डोक्यावर तीच माती होती.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. हे कुणी चोरून केलेलं नव्हतं. गावात प्रत्येकाला माहीत होतं. पण यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पाटलांच्या माळवदावर हलगी वाजवत पहिलं टोपलं चढायचं, त्याला ‘मानाचं टोपलं’ म्हणत. दुसरं देशमुखांचं. पहिल्या टोपल्यावरून दोन्ही घरांत डोकी फुटली होती. जे एवढ्या मानाचं, ते खोदणं कसं असेल? खोदतो तो बेलदार. मान घेतो तो पाटील. पळसवेढ्यातल्या शहाण्या माणसांच्या डोक्यात या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहत होत्या आणि एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

“परवा साहेब येणार आहेत,” मी मुलांना म्हणालो. “आपण त्यांना आपलं गाव करून दाखवू. अंगणात नदी, पेठ, देऊळ आणि गढी. पण गढी पूर्वीसारखी मोठी. त्यासाठी माती लागेल. प्रत्येकानं आपापल्या माळवदावरून डबाभर आणायची.”

“आमच्या माळवदावरून सगळ्यात जास्त आणतो!” प्रताप म्हणाला.

“आमचं जास्त जाड आहे,” देशमुखांची नात वसुधा म्हणाली.

झुंबर पहिल्या रांगेत होती. ती मिटलेल्या पुस्तकाचा कोपरा दुमडत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं डबे, तांबे, फुटकी घमेली घेऊन आली. प्रतापच्या मागून पाटलांचा सालगडी डोक्यावर पाटी घेऊन आला. ती पाटी अंगणात उलटी झाली न झाली तोच वसुधा शाळेतून घरी पळाली. थोड्या वेळानं देशमुखांचा गडी दोन पाट्या घेऊन आला. दुपारी पाटील स्वतः आले.

“गुरुजी, साहेब येणार म्हणून लेकरं गढी करायलेत म्हणं.”

“हो.”

“चांगली कल्पना आहे. साहेबाला कळंल, या लोकांनी काय नासधूस केली.” त्यांनी ढिगाकडं पाहिलं. “यात आमची किती?”

“एक पाटी.”

“आणि देशमुखाची?”

“दोन.”

त्यांचा चेहरा उतरला. मी अर्ज लिहिताना मातीचा पत्ता विचारला होता तेव्हा सुद्धा तो इतका उतरला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून आणखी चार पाट्या आल्या. देशमुखांनी बैलगाडी पाठवली. रात्री आप्पांनी मन्मथबरोबर साखरेचं पोतं भरून माती पाठवली आणि निरोप दिला, की आमचं नावही कुठंतरी लावा. पाटीलवहिनींनी दारातून माझ्या बायकोला विचारलं, तुमच्या गुरुजींची हौस फिटली का, आमच्या देवघरात आता चांदणं यायला लागलंय.

कुणाच्याही मनात काही आलं नाही. आपण काय करतोय, याचा विचार त्या घरांतून एकदाही उगवला नाही. मी बाजूला उभा राहून पाहत होतो आणि माझ्या हाताखालची नऊ-दहा वर्षांची मुलं मला त्यांच्यापुढं फार मोठी वाटत होती.

मुलांनी अंगणात माती कालवली, नदीचा वळसा कोरला, विटांच्या तुकड्यांची पेठ लावली आणि उत्तरेला गढी उभी केली. ती माझ्या कमरेच्या वर आली. तिच्या अंगावर जुन्या मडक्यांचे तुकडे चमकत होते. एका ढेकळात काचेची निळी बांगडी सापडली. कुणाची असेल, असं मुलं विचारत राहिली आणि मी त्यांना सांगितलं, की कधीतरी इथं राहणाऱ्या एखाद्या मुलीची. ती तुटली तेव्हा ती रडली असेल. मुलींनी ती बांगडी गढीच्या शेंड्यावर खोचली.

पाटलांनी साहेब येण्याच्या दिवशी सकाळी हलगीवाला पाठवला. पहिली पाटी त्यांचीच होती, हे साहेबाला समजावं म्हणून.

प्रांतसाहेब कोकणातले होते. तिकडं कौलांची घरं. माळवद त्यांनी नुसतं ऐकलं होतं. ते जीपमधून उतरले, शाळेच्या ओसरीवर खुर्चीवर बसले, अर्ज वाचला आणि म्हणाले, “अक्षर छान आहे.” मग त्यांनी विचारलं, “ही गढीची माती बाहेरगावी कुणी विकत घेतली, याचा काही पुरावा?”

“पुरावा काय साहेब,” पाटील म्हणाले, “गढीच पुरावा. राहिलीच नाही.”

कुंपणापलीकडं बेलदार उभे होते. बायका डोक्यावर पदर घेऊन मागं, पुरुष पुढं. नथूबा कुंपणाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“साहेब,” मी म्हणालो, “आधी मुलांनी केलेलं गाव पाहा. मग अर्जाचं बोलू.”

साहेब अंगणात आले. मुलं गोलात उभी होती. वसुधानं नदी कुठून येते ते सांगितलं. मन्मथनं पांढरी आणि काळी माती सांगितली. प्रतापनं गढी दाखवली आणि न सांगता पुढं म्हणाला, “ही माती खरीखुरी गढीचीच आहे साहेब. आमच्या माळवदावरची. पाच पाट्या आमच्या.”

साहेबांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. “तुमच्या घरावर गढीची माती आहे?”

“आहे म्हणजे काय!” मागून पाटील म्हणाले. मुलाचा मान आपल्याला मिळायला हवा होता, त्यांना राहवलं नाही. “साहेब, पणजोबाच्या काळापासून. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गढीवरून पहिलं मानाचं टोपलं आमच्याच माळवदावर चढतं. हलगी वाजवत. विचारा कुणालाही.”

“दरवर्षी?”

“एक वर्ष चुकलं नाही.”

देशमुख पुढं आले. “पहिलं टोपलं त्यांचं असंल साहेब, पण ते एकच. माळवद कुणाचं जाड आहे ते पाहा. आमचं हातभर आहे.”

“हातभर?” पाटील हसले. “आमचं दीड हात आहे. माणूस चालला तर आवाज येत नाही खाली.”

“दीड हात कुठलं! तुळया मोडून पडल्या असत्या.”

“सागाच्या आहेत आमच्या.”

“आमच्या दुकानावर पण आहे, साहेब,” आप्पा म्हणाले, “आणि वखारीवर पण. कुणी काही म्हणो, वखारीवर लय आहे.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं. ते एकेकाला विचारत होते आणि तिघंही उत्साहानं सांगत होते. कुणाच्या घराला किती खण, कुणाच्या गोठ्यावर किती, कुणाच्या वाटणीला कोणत्या सालची माती आली. देशमुखांनी तर मधेच सांगितलं, की गढीचा पूर्वेकडचा बुरूज सगळा आमच्याच घरात आहे. ते म्हणताना त्यांनी छाती पुढं काढली होती.

कुंपणाकडं मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

मग साहेबांचं लक्ष झुंबरकडं गेलं. बाकीच्या मुलांसमोर आपापलं रिकामं भांडं होतं. तिच्यासमोर काहीच नव्हतं.

“तू काय आणलंस, बाळ?”

“काही नाही.”

“का?”

झुंबरनं मान खाली घातली. “आमच्या घरावर माती नाही, साहेब. पत्रा आहे.”

“तुमच्यापैकी कुणाच्याच घरावर नाही?”

“नाही. सगळ्यांना पत्रे आहेत. काहींना नुसतं पाचट.”

मला वाटलं, आता तरी कळेल. एवढं लहान मूल एवढ्या साध्या शब्दांत बोललं, आता तरी यांच्या डोक्यात काहीतरी एकमेकांना भेटेल. मी पाटलांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. ते पुढं झाले आणि बोट झुंबरकडं करून म्हणाले,

“बघा साहेब! बघितलं का? सगळ्या गावानं पाट्या पाट्या माती दिली, आणि यांच्याकडून चिमूटभर नाही! गावाच्या गढीसाठी यांचं काडीचं देणं नाही. आता तुम्हीच सांगा, असल्या लोकांना गढीजवळ ठेवायचं कशाला?”

“बरोबर आहे,” देशमुख म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पाटलांचं काही बरोबर वाटलं.

“एकदम बरोबर,” आप्पांनी दोघांकडं पाहून मान हलवली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते ओसरीवर गेले, खुर्चीवर बसले आणि अर्जाच्या कागदावर खाली लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. गढीची माती बेलदारांनी विकली, याला काही आधार नाही. ती अर्जदारांच्या स्वतःच्या घरांवर आहे, असं अर्जदारांनी सर्वांसमोर सांगितलं. बेलदारांची घरं आहेत तिथंच राहतील. यापुढं गढीवरून कुणीही माती नेऊ नये.

“साहेब,” पाटील म्हणाले, “त्या अर्जदारांमध्ये पहिलं नाव कुणाचं लिहिलंत?”

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. “तुमचंच,” ते म्हणाले.

पाटलांनी देशमुखांकडं नजर टाकली.

जीप गेली. बेलदार एकेक करून वस्तीकडं वळले. नथूबा जाता जाता कुंपणाजवळ थांबला. त्याच्या तोंडून आभाराचा शब्द निघाला नाही आणि तो निघावा, असं मलाही वाटलं नाही. त्यानं ओसरीवर उभ्या असलेल्या तिघांकडं एकदा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं बाजारात विकत घ्यायचं नसलेलं जनावर पाहतात. मग तो खाकरला, बाजूला थुंकला आणि निघून गेला.

झुंबर अंगणातच होती. ती माझ्याकडं आली.

“गुरुजी, मी काही आणलं नाही म्हणून तुम्ही रागावलाव?”

मी खाली बसलो, तिच्या उंचीला आलो. “नाही. तू काही आणलं नाहीस ते बरंच झालं.”

“का?”

“सांगतो.” मी एक काटकी घेतली आणि मातीत तिचं घर काढलं. शेजारी पाटलांचं घर काढलं. कुणाच्या घरावर काय आहे ते तिलाच भरायला सांगितलं. ती भरत गेली. पाटलांच्या घरावर तिनं माती दाखवली, आपल्या घरावर एक आडवी रेघ ओढली. मग थांबली, दोन्ही घरांकडं पाहिलं, पुन्हा गढीकडं पाहिलं. तिला कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर कळताना मी पाहिलं. शिकवणाऱ्याला यापेक्षा जास्त काही मिळत नाही.

“मग आमचं घर राहणार?” तिनं विचारलं.

“राहणार.”

ती पळत सुटली.

मी उठून उभा राहिलो तेव्हा पाटील माझ्या मागंच होते. देशमुख आणि आप्पा ओसरीवर थांबले होते. माळवद कुणाचं जाड, यावरून त्यांचा अजून वाद चालू होता आणि दोघंही खुशीत होते.

“गुरुजी,” पाटील म्हणाले, “साहेबानं चांगलं ऐकून घेतलं. मग हे लोक कधी उठणार?”

“उठणार नाहीत.”

“म्हणजे?”

“साहेबांनी तुमच्यासमोरच वाचून दाखवलं.”

“वाचलं की, पण...” ते थांबले. त्यांना खरोखरच काहीतरी अडत होतं. “का पण, गुरुजी? आपण तर सगळं सांगितलं त्यांना.”

माझ्यापुढं आयुष्यात शेकडो मुलं ‘का?’ म्हणत उभी राहिली आहेत. कुणाला दोनदा सांगितलं, कुणाला दहादा. खडू संपला तर भिंतीवर कोळशानं लिहून दाखवलं. मी पाटलांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावर लाज नव्हती आणि रागही नव्हता. तिथं फक्त तो ‘का?’ होता, अगदी चौथीच्या मुलाच्या तोंडावर असतो तसा. माझ्या हातात अजून काटकी होती आणि पायाशी दोन घरांचं चित्र होतं.

मी काटकी टाकून दिली, पायानं चित्र पुसलं, वर्गात गेलो आणि आतून कडी लावली.